खासगीपणाचा हक्क : गेटच्या आत आणि बाहेर

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा पुढे २०१४ साली झाला. त्या अटकेने अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ हे, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी अटक करू देणारे कलमच रद्द केले. ऑनलाइन लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्याचा देशातला सर्वांत मोठा निकाल आपल्या जिल्ह्यातल्या एका घटनेतून निघाला, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या ध्यानात राहिलेले नाही.

त्याच सुमारास नेट न्यूट्रॅलिटीचे आंदोलन पेटले. मोबाइल कंपन्यांनी काही वेबसाइट फुकट आणि काही पैसे घेऊन दाखवाव्यात का, असा प्रश्न होता. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या डेटा दरांवर बंदी आली. पुढच्या वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

ठाण्या-नवी मुंबईतल्या तंत्रज्ञानवेड्या मंडळींची एक अख्खी पिढी या घडामोडींवर वाढली. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी, लोकलमध्ये कानात पॉडकास्ट लावून उभी राहणारी, विज्ञानकथा आणि सुपरहिरोंच्या सिनेमांवर तावातावाने बोलणारी ही माणसे माझ्या रोजच्या ऊठबशीतली आहेत. एआयने चित्रकारांची शैली उचलली तर ती चोरी म्हणायची का, सरकारने व्हॉट्सॲपचे एन्क्रिप्शन, म्हणजे संदेशांवरचे सांकेतिक कुलूप, तोडायला सांगावे का, अशा प्रश्नांवर यांची मते पक्की असतात आणि बहुतेक वेळा अभ्यासपूर्णही. मला या चर्चांविषयी मनापासून आदर आहे. त्या झाल्या नसत्या, तर वर सांगितलेल्या तीन गोष्टींतली निदान एक तरी घडली नसती.

म्हणूनच एक गोष्ट आता स्पष्ट बोलायला हवी. हीच मंडळी राहतात त्या गृहसंकुलांच्या गेटवर माणसांची माहिती ज्या पद्धतीने गोळा होते, ती पाहता २०१७ चा निकाल घोडबंदर रोडपर्यंत पोहोचलाच नाही असे वाटते. आणि ज्यांना हे सगळ्यात आधी कळायला हवे, ज्यांना ते दोन मिनिटांत समजावून सांगता येईल, तेच सोसायटीच्या सभेत गप्प बसतात. डिजिटल हक्कांची पुढची लढाई सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत लढायची आहे, आणि तिची सुरुवात आपल्या घरी धुणे-भांडी करणाऱ्या बाईच्या हक्कापासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

गेटवर नेमके काय चालते ते जवळून पाहू. सकाळी सात-साडेसातची वेळ. रहिवाशांच्या गाड्या मुख्य गेटमधून जातात, गाडीवरचा टॅग वाचला जातो, दांडा वर होतो. बाजूच्या लहान गेटवर घरकामाच्या बायकांची रांग असते. कुणी कळव्याहून आलेली, कुणी लोकमान्य नगरातून, कुणी मागच्या पाड्यावरून चालत. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक टॅब बसवलेला. त्यासमोर उभे राहायचे, चेहरा चौकटीत आला की हिरवी खूण होते. पावसाळ्यात काच ओली असते, चेहरा ओला असतो, डोक्यावर पदर नाहीतर रेनकोटची टोपी असते. यंत्र ओळखत नाही. मग ताई टोपी काढते, पदराने तोंड पुसते, पुन्हा उभी राहते. मागे रांग वाढते. अखेर वॉचमन स्वतःच्या फोनमध्ये सहा आकडी कोड घालून तिला आत सोडतो. तोवर तिच्या नावापुढे लागलेली वेळ आठ-दहा मिनिटांनी पुढे गेलेली असते, आणि वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी फोनवर ‘तुमची मदतनीस आत आली आहे’ असा संदेश वाजतो. त्या वेळेवरून महिनाअखेरीला पगाराची घासाघीस झालेली मी पाहिली आहे.

हे आपल्याला दिसणारे. आता गेटवरच्या या नोंदी ज्या ॲपमध्ये जातात, त्याच्या आत काय असते ते बघा. बाईचा फोटो, तिचा मोबाइल क्रमांक, रोज आत-बाहेर जाण्याची वेळ, महिन्याची हजेरी, ती आणखी कोणकोणत्या फ्लॅटमध्ये काम करते त्यांचे क्रमांक, आणि नावाखाली तारे. पाचपैकी चार, पाचपैकी साडेतीन. ‘वेळेवर येते’, ‘स्वयंपाक बरा’ अशा शेऱ्यांसकट. चारशे फ्लॅटमधल्या कुणालाही हे घरबसल्या पाहता येते. जिच्याबद्दल हे लिहिले आहे तिला मात्र ते दिसत नाही. साडेतीन तारे कुणी दिले, कशासाठी दिले, हे विचारण्याची सोय तिला नाही. उलट, कोणत्या फ्लॅटमधली माणसे पगार अडवतात, कुठे जेवायला शिळे देतात, कुठे पुरुषांची नजर वाईट आहे, याची नोंद ठेवायला तिच्याकडे कोणतेच ॲप नाही. राज्यात घरकामगारांसाठी २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. त्या मंडळाकडे ज्यांची नोंद कधी झालीच नाही, अशा बायकांची पक्की, फोटोसकट नोंद आज एका खासगी कंपनीकडे आहे.

यावर पहिले उत्तर मिळते ते सुरक्षिततेचे. ते मी उडवून लावणार नाही. मुले परदेशी, घरात सत्तरी ओलांडलेले दोघेच, अशी किती तरी घरे पाचपाखाडीपासून वाशीपर्यंत आहेत. दुपारी दार वाजले की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि कोण आले आहे हे आधी फोनवर कळले तर त्यांना खरोखर धीर मिळतो. जुन्या कागदी रजिस्टरबद्दलही मला जिव्हाळा नाही. गेटवर उघड्यावर पडलेल्या त्या वहीत कुणीही नाव, फोन नंबर, फ्लॅट नंबर वाचू शकत असे. एकट्या भेटायला आलेल्या मुलींना त्या नंबरवर नको ते मेसेज आल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. वही चांगली होती आणि ॲप वाईट, अशी माझी मांडणी मुळीच नाही.

पण वहीला एक मर्यादा होती, आणि तीच माणसाला वाचवत होती. ती वही भरली की कोपऱ्यात पडायची आणि दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जायची. हिरानंदानी इस्टेटच्या वहीला मानपाड्याच्या वहीत काय लिहिले आहे हे ठाऊक नसायचे. एका घरी भांडण होऊन काम सुटले, तर बाई शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये नव्याने सुरुवात करू शकत होती. आता तिच्या मोबाइल नंबराला जोडलेली एकच नोंद सोसायटी ओलांडून तिच्या मागे जाऊ शकते. ज्या माहितीला पूर्वी विसरले जाण्याची सवय होती, तिला आता कायमची स्मृती मिळाली. ही स्मृती कुणाच्या मालकीची, ती किती वर्षे टिकायची आणि तिच्यात चूक असली तर दुरुस्त कोण करणार, हे ठरवल्याशिवाय आपण गेटवर टॅब बसवून मोकळे झालो.

२०१७ चा तो निकाल निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या खटल्यातला, आणि त्यात न्यायालयाने एक कसोटी घालून दिली. खासगीपणावर बंधन आणायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. हा निकाल सरकारच्या संदर्भातला आहे, गृहनिर्माण संस्थेला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण विचार करण्याची रीत म्हणून ती कसोटी कुणालाही वापरता येते. हेतू काय? अनोळखी माणूस आत येऊ नये. त्यासाठी काय लागते? आलेली बाई अमुक घरी कामाला आहे एवढी खात्री. ती एका कोडने होते, फोटो असलेल्या साध्या ओळखपत्राने होते. मग चेहऱ्याचा नकाशा कशाला? इतर फ्लॅटचे क्रमांक कशाला? तारे कशाला? ताऱ्यांचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही. सोय म्हणून ते सुरू झाले आणि सुरक्षिततेच्या नावाखाली टिकले.

चेहरा ओळखण्याच्या तंत्राबाबत तर आपल्या विज्ञानप्रेमी मित्रांनी अधिक बोलायला हवे, कारण त्यातले बारकावे त्यांना माहीत आहेत. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधकांनी मोठ्या कंपन्यांची चेहरे तपासणारी सॉफ्टवेअर पारखली. समोरचा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा एवढेच त्या सॉफ्टवेअरना सांगायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाले, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. नंतरच्या काळात सॉफ्टवेअर सुधारली, आणि गेटवरचे काम वेगळ्या प्रकारचे असते, हेही खरे. पण ज्या सोसायटीने असे यंत्र घेतले, तिने ‘आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर हे किती वेळा चुकते’ असा आकडा कंपनीकडे कधी मागितला का? एखाद्या नव्या फोनच्या कॅमेऱ्याची चाचणी आपण ज्या बारकाईने वाचतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याने तरी हे तपासायला हवे होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण इथे मोठी संधी आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(ञ) या, वैयक्तिक माहिती केव्हा नाकारता येते ते सांगणाऱ्या कलमात बदल केला. तो बदल मात्र लगेच अमलात आला. अधिकाऱ्याची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारण्याची वाट आधी मोकळी झाली, आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या माहितीचे संरक्षण दीड वर्षाने पुढे गेले. ज्या महाराष्ट्रात केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा झाला, तिथे या क्रमाचा राग यायला हवा. मला येतो.

तरीही या कायद्यात धरून ठेवण्यासारखे बरेच आहे. माहिती गोळा करण्याचा हेतू आणि पद्धत जो ठरवतो, त्याच्यावर जबाबदारी येते, मग तो कंपनी असो की संस्था. म्हणजे गृहनिर्माण संस्थेला ‘ते सगळे ॲपवाले बघतात’ असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. काम दुसऱ्याकडे सोपवले तरी जबाबदारी आपलीच राहते. संमती मुक्त, नेमकी, माहिती देऊन घेतलेली आणि बिनशर्त असावी लागते. हेतू संपला की माहिती पुसावी लागते. चूक दुरुस्त करून मागण्याचा, माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क ज्याची माहिती आहे त्याला मिळतो. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो.

म्हणजे मराठीत. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये उभे राहिले. या शहरात मराठीची काळजी वाहणाऱ्यांची कमी नाही. पण गेटवरच्या टॅबवर येणारी अटींची लांबलचक पाटी इंग्रजीत असते आणि ‘आय ॲग्री’ वॉचमनच दाबून टाकतो. ज्या बाईचा चेहरा घेतला जातो तिला त्यातले एक अक्षर कुणी वाचून दाखवलेले नसते. यातल्या कित्येकींना मराठीही वाचता येत नाही. त्यांना ते तोंडी, सावकाश, दोन वाक्यांत सांगावे लागेल : ताई, तुमचा फोटो आम्ही अमुक कामासाठी घेतोय, अमुक दिवस ठेवू, नको असेल तर हा दुसरा मार्ग आहे. हे वाक्य म्हणायला वीस सेकंद लागतात. मराठीसाठी झटणाऱ्या माणसांनी दुकानांवरच्या मराठी पाट्यांच्या बरोबरीने या वीस सेकंदांचाही आग्रह धरला, तर भाषेचा आणि माणसाचा मान एकदमच राखला जाईल.

या विषयाकडे आपल्या मंडळींचे लक्ष का जात नाही, याचा मी बराच विचार केला. मला वाटते, पाळतीची आपली कल्पना सिनेमा आणि विज्ञानकथांनी घडवली. त्यांत पाळत ठेवणारा कुणी तरी फार मोठा असतो. बलाढ्य सरकार असते, जगभर पसरलेली कंपनी असते, जाणिवा आलेले यंत्र असते. आणि ज्याच्यावर पाळत असते तो नायक आपल्यासारखा शिकलेला, संगणक जाणणारा असतो. ठाण्यातली खरी पाळत अशी दिसतच नाही. ती तीन हजार रुपये मेंटेनन्स भरणाऱ्या सज्जन माणसांनी, हात वर करून, बहुमताने मंजूर केलेली असते. तिच्याखाली येणारी माणसे कधी कोणत्या चर्चेत नसतात. डेटा सेंटरसाठी नवी मुंबईचे नाव देशभर घेतले जाते, महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात आणि पनवेलला त्यांच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या विजेवर, पाण्यावर, जमिनीवर आपण चर्चा करतो आणि करायलाच हवी. पण त्या इमारतींत साठणाऱ्या माहितीतला एक कण आपल्याच गेटवरून निघाला, तो कुणाच्या चेहऱ्याचा होता, हे विचारणे त्याहून सोपे आहे आणि आपल्या हातातले आहे.

हातातले कसे? गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. चौदा दिवस आधी नोटीस निघते. सभासदाला आपला विषय लेखी देता येतो, तो विषयपत्रिकेवर घ्या म्हणता येते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यावर भिस्त ठेवू नये, तोवर सगळे चहा-वड्याकडे वळलेले असतात. ठराव लांब नको. तारे आणि शेरे बंद. मदतनीस आणखी कोणत्या घरी जाते हे इतरांना दिसणे बंद. चेहऱ्याऐवजी कोड किंवा ओळखपत्र वापरण्याचा पर्याय खुला, आणि तो वापरला म्हणून कुणाची अडवणूक नाही. पाहुण्यांच्या आणि डिलिव्हरीवाल्यांच्या नोंदी तीन महिन्यांनी पुसायच्या, पोलिसांनी लेखी मागितलेल्या सोडून. ॲपमधली हजेरी पगार कापण्यासाठी पुरावा धरायची नाही. एवढे पुरे आहे. यातल्या कशानेही गेट उघडे पडत नाही.

असा ठराव मांडताना पहिली अडचण येते ती ‘त्यांना काही वाटत नाही, तुम्हालाच वाटतंय’ या वाक्याची. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. त्याचे उत्तर सभेत नव्हे, सभेच्या आधी तयार करावे लागते. आपल्या विंगमध्ये येणाऱ्या बायकांशी बोला, आणि गेटवर नको, तिथे त्या बोलणार नाहीत. तुमच्या नावाखाली किती तारे आहेत ठाऊक आहे का, असे विचारा. मी ज्यांना विचारले त्यांतल्या बहुतेकींना तारे असतात हेच माहीत नव्हते. एकीने फोन हातात घेऊन आपले पान नीट पाहिले आणि म्हणाली, ‘‘दादा, हा फोटो तर मी आजारी होते तेव्हाचा. तोच दाखवतात काय सगळ्यांना?’’ तिला ‘काही वाटत नाही’ असे पुन्हा कुणी म्हटले तर मला ते मान्य होणार नाही.

दुसरी अडचण पैशाची नसतेच, कराराची असते. कमिटीकडे कंपनीशी केलेला करार असतो, पण तो कुणी वाचलेला नसतो. तो मागा, सभासद म्हणून तुम्हाला तो पाहण्याचा हक्क आहे असे समजून मागा. माहिती कुणाच्या मालकीची ठरवली आहे, जाहिरातीसाठी वापरायची मुभा दिली आहे का, करार संपल्यावर जुन्या नोंदींचे काय, या तीन जागा पाहायच्या. कित्येक सोसायट्या दर दोन-तीन वर्षांनी ॲप बदलतात. मागच्या कंपनीकडे राहिलेले शेकडो चेहरे पुसले गेले का, हे विचारायचे राहूनच जाते. कायद्याच्या जबाबदाऱ्या लागू होण्याआधीच्या या मधल्या काळात करारांचे नूतनीकरण होणार आहे, तेव्हा अटी बदलून घेणे सर्वांत सोपे. त्यासाठी मराठीतला एक मसुदा तयार हवा. तंत्रज्ञान जाणणारे दोघे, एक वकील आणि कमिटीत काम केलेला एक जुना सेक्रेटरी एकत्र बसले तर एका रविवारी तो लिहून होईल. जिल्ह्याच्या हाउसिंग फेडरेशनच्या शिबिरांत लिफ्टच्या विम्यापासून पार्किंगच्या वादापर्यंत सगळ्यावर मार्गदर्शन होते, त्यात हा मसुदा वाटता येईल. ऐरोलीतल्या ज्या मित्रांनी २०१५ साली रात्र-रात्र जागून ‘ट्राय’ला पाठवायच्या ईमेलचा सोपा मजकूर लोकांपर्यंत पोहोचवला, त्यांना हे काम नवे नाही. मजकूर या वेळी मराठीत लिहायचा आहे, आणि तो सेक्रेटरीच्या टेबलावर नेऊन ठेवायचा आहे, पोचपावती घेऊन.